दोन बोअर, एक पाणी



उन्हाळा तोंडावर आला की आपल्या बीड जिल्ह्यात रात्री-अपरात्री बोअरच्या गाड्यांची घरघर ऐकू येऊ लागते. त्यातल्या कितीतरी गाड्यांवर तमिळनाडूतल्या तिरुचेनगोडे या गावाचे नाव असते. पाणाड्या हातावर नारळ ठेवून जागा दाखवतो, घरधनी बायकोचे दागिने गहाण ठेवून पैसे उभे करतो आणि गाडी खाली खाली जात राहते. २०० फूट, ४०० फूट, ६०० फूट. पाणी लागले तर पेढे. नाही लागले तर डोक्यावर कर्ज.

या सगळ्याकडे आपण एका घराचा निर्णय म्हणून पाहतो. माझी जमीन, माझा पैसा, माझे नशीब. दुसऱ्याने त्यात पडायचे कारण नाही. आज आम्हाला याच समजुतीविषयी थोडे लिहायचे आहे. जो निर्णय एकट्याचा दिसतो, तो खरोखर एकट्याचा असतो का? आणि नसेल, तर त्यातले बरे-वाईट कोणत्या मापाने मोजायचे?

पाऊस आणि माणूस

मृग लागला की शेतकऱ्यापुढे प्रश्न असतो: पहिल्या पावसावर कापूस लावावा की अजून आठवडाभर थांबावे? प्रश्न अवघड आहे. लवकर लावले आणि पावसाने ओढ दिली तर बियाणे गेले. उशीर केला तर हंगाम गेला. पण एक गोष्ट नक्की आहे. पाऊस आपल्याकडे पाहून पडत नाही. तुम्ही घाई केली म्हणून तो रागावत नाही आणि तुम्ही थांबलात म्हणून तो मुद्दाम लवकर येत नाही. इथे लागतो तो अनुभव, अंदाज आणि थोडे धाडस. असा निर्णय हा खऱ्या अर्थाने एकट्याचा निर्णय.

आता दुसरा प्रश्न घ्या. गेल्या वर्षी कांद्याला भाव मिळाला. यंदा कांदा लावावा का? या प्रश्नाचे उत्तर आपल्या वावरात सापडत नाही. ते शेजाऱ्याच्या मनात असते. तोही हाच विचार करत असतो, आणि आपण काय करणार याचाही अंदाज घेत असतो. सगळ्यांनी लावला तर भाव पडणार. सगळे घाबरून थांबले तर भाव चढणार. इथे समोर पाऊस नसून माणूस आहे, आणि तो आपल्याइतकाच हुशार आहे. अर्थशास्त्रात अशा निर्णयाला स्ट्रॅटेजिक निर्णय म्हणतात. आपण त्याला सोप्या भाषेत डावाचा निर्णय म्हणू, कारण बुद्धिबळाच्या डावाप्रमाणे इथे आपली चाल बरी की वाईट हे समोरच्याच्या चालीवर ठरते.

हा फरक स्पष्टपणे मांडला तो जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाने. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी रॉबिन्सन क्रूसोचे उदाहरण घेतले. निर्जन बेटावरच्या क्रूसोला फक्त निसर्गाशी हिशेब करायचा असतो. पण दुसरी माणसे आली की हिशेबाची जातच बदलते, कारण आता निकाल त्याच्या एकट्याच्या हातात राहत नाही. पुढे १९५० च्या सुमारास जॉन नॅश या तरुण गणितज्ञाने या विचाराला आणखी धार दिली. त्यासाठी १९९४ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: आपण बोअर घेताना क्रूसोसारखा विचार करतो, पण आपण बेटावर राहत नाही.

वरचे वावर, खालचे वावर

समजा, एका ओढ्याकाठी दोन शेजारी आहेत. एकाचे वावर वरच्या अंगाला, दुसऱ्याचे खालच्या. दोघांच्या विहिरी जुन्या, ५० फुटांच्या. आपली जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणाची आहे. नदीकाठच्या वाळूत जसे सगळीकडे पाणी भरते, तसे या खडकात भरत नाही. वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत ते साठते, आणि त्या भेगा बांधावर येऊन थांबत नाहीत. सातबारा वेगळे असले तरी खालचे पाणी एकच असते.

आता आकडे मांडू. हे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. दोघांनी नवीन बोअर न घेता ज्वारी-हरभरा केला, तर वर्षाला दोघांच्या हाती ४०-४० हजार रुपये राहतात आणि विहिरींना मे महिन्यापर्यंत पाणी पुरते. एकाने खोल बोअर घेऊन ऊस लावला आणि दुसरा थांबला, तर बोअरवाल्याला ६० हजार मिळतात. दुसऱ्याची विहीर संक्रांतीलाच तळ गाठते आणि त्याच्या हाती १० हजार उरतात. दोघांनीही बोअर घेतले, तर पाणी दोघांत विभागले जाते, व्याज आणि विजेचे बिल मात्र वाढते, आणि दोघांनाही २०-२० हजारांवर समाधान मानावे लागते.

वरच्या वावराचा मालक रात्री अंथरुणावर पडून विचार करतो. खालच्याने बोअर घेतले नाही, तर माझ्यासाठी काय बरे? बोअर घेणे, कारण ४० पेक्षा ६० जास्त. खालच्याने घेतले, तर काय बरे? तरीही बोअर घेणे, कारण १० पेक्षा २० जास्त. म्हणजे शेजारी काहीही करो, आपण बोअर घ्यावे हेच शहाणपण. खालच्या वावराचा मालकही त्याच रात्री त्याच हिशेबाने त्याच उत्तरावर येतो. दोघेही हिशेबात चुकलेले नाहीत. आणि तरीही वर्षाच्या शेवटी दोघांच्या हाती ४० ऐवजी २० हजार आहेत, वर कर्ज आहे आणि दोन्ही जुन्या विहिरी कोरड्या आहेत.

या पेचाला अभ्यासक ‘कैद्यांचा पेच’ म्हणतात, कारण १९५० साली आल्बर्ट टकर या प्राध्यापकांनी तो दोन कैद्यांच्या गोष्टीतून समजावला होता. आपल्याकडे कैदी शोधत जायची गरज नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण पाहिले. त्या शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण आपल्याच केज तालुक्यात धनेगावला आहे. ते कोरडे पडले होते. दुष्काळ हे एक कारण होतेच. पण चांगल्या पावसाच्या वर्षांतही जमिनीतले पाणी शिल्लक टाकण्याची सवय आपण लावून घेतलेली नाही, कारण प्रत्येकाला वाटते की मी ठेवलेले पाणी दुसराच उपसणार.

दोष कोणाचा?

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. वरच्या वावराच्या मालकाने काही पाप केले का?

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना एखाद्या कृतीची परीक्षा तीन बाजूंनी करायला शिकवतात: कृती कोणती, हेतू काय आणि परिस्थिती कशी. या मालकाची कृती म्हणजे स्वतःच्या जमिनीत भोक पाडणे. हेतू लेकरांना जगवण्याचा. परिस्थिती अशी की शेजारी काय करील याची खात्री नाही. त्याच्या मनात लोभ असेलच असे नाही. भीती पुरेशी आहे. ‘मी थांबलो आणि तो थांबला नाही, तर मी मेलो’ ही भीती भल्या माणसालाही बोअरच्या गाडीपर्यंत नेते.

म्हणून आम्हाला वाटते की ‘लोक लोभी झाले आहेत’ असे म्हणून हा विषय संपत नाही. प्रवचनात लोभावर बोलणे सोपे असते. पण या गोष्टीतून लोभ काढून टाकला तरी विहिरी कोरड्याच पडतात. दोन भली माणसे, दोन बरोबर हिशेब आणि शेवट वाईट. जिथे असे होते, तिथे एकेका माणसाचे मन तपासून भागत नाही. दोघांमध्ये जे आहे, किंवा जे नाही, तेही तपासावे लागते.

यावर कोणी म्हणेल, मग एकाने तरी पुढे होऊन त्याग करावा. जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कान्ट यांनी १७८५ साली जो विचार मांडला, त्याचा सारांश असा: मी जसे वागतो तसे सगळेच वागले तर चालेल का, हे आधी स्वतःला विचारा. प्रश्न अगदी योग्य आहे. सगळ्यांनी ६०० फुटांचे बोअर घेतले तर चालणार नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळते. पण आपला कोरडवाहू शेतकरी उलट विचारतो, ‘फादर, सगळे थांबणार असतील तर मी पहिला थांबतो. पण मी एकटा थांबलो तर पाणी वाचत नाही, ते शेजाऱ्याच्या उसाला जाते. माझ्या पोरांनी उपाशी राहून त्याचा ऊस का वाढवायचा?’

हा प्रश्न स्वार्थी म्हणून झिडकारता येत नाही. एकट्याच्या त्यागाने शेजारी गब्बर होणार आणि विहीर कोरडीच राहणार असेल, तर त्या त्यागाने सर्वांचे भले होत नाही. असा त्याग कोणी आपणहून केला तर आम्ही त्याला नमस्कार करू. पण दोन एकराच्या धन्यावर तो कर्तव्य म्हणून लादायला आमची जीभ रेटत नाही.

मग कर्तव्य काय उरते? आमचे उत्तर असे: जिथे एकट्याचा चांगुलपणा पुरत नाही, तिथे शेजाऱ्याबरोबर करार करणे हाच चांगुलपणा. एकट्याने थांबणे हे कदाचित कर्तव्य नसेल. पण शेजाऱ्याच्या दारात जाऊन ‘तू थांबलास तर मी थांबतो’ असे म्हणणे हे कर्तव्य आहे. आणि त्याने होकार दिला, तर शब्द पाळणे हे त्याहून मोठे कर्तव्य आहे. जो माणूस हिशेब करून बोअर घेतो त्याला आम्ही दोष देत नाही. जो शेजाऱ्याशी बोलायचेच टाळतो, त्याच्याकडे मात्र आम्ही बोट दाखवू.

‘तू थांबलास तर मी’

हे नुसते बोलणे आहे का? तसे नाही. १९६८ साली गॅरेट हार्डिन या अभ्यासकाने असे मांडले होते की सामाईक कुरणाचा किंवा पाण्याचा नाश अटळ आहे. एक तर त्याचे खासगी तुकडे पाडा, नाही तर सरकारी दंडुका आणा. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीने आयुष्यभर जगातली सामाईक पाणी, जंगले आणि कुरणे अभ्यासून दाखवून दिले की तिसरा मार्गही आहे. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांच्या अभ्यासाची सुरुवात आपल्यासारख्याच प्रश्नातून झाली. लॉस एंजेलिसजवळ किनाऱ्यालगत सगळेच जमिनीतले पाणी उपसत होते आणि त्या पोकळीत समुद्राचे खारे पाणी शिरू लागले होते. एकट्याने उपसा कमी करून काही उपयोग नव्हता. तिथले लोक संस्था करून एकत्र बसले, जमिनीखाली किती पाणी आहे याची सगळ्यांना मान्य होईल अशी मोजणी करून घेतली, आणि पुरेशा जणांनी सही केली तरच लागू होईल असा करार केला. ‘तू थांबलास तर मी’ हेच त्यांनी कागदावर आणले. अशा कराराने मूर्ख ठरण्याची भीती जाते.

अमेरिका दूर वाटत असेल तर आष्टीच्या पलीकडे पाहा. आपल्या शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने शेतीसाठी बोअर घेणे बंद केले, ऊस आणि केळी लावायची नाहीत असे ठरवले, आणि दरवर्षी पाऊस किती पडला ते मोजून गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. ज्या वर्षी पाणी कमी, त्या वर्षी पीकही तसेच. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या मापाने दिले गेले, उसाला मनाई होती, आणि भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा मिळाला. धुळे-नाशिककडच्या जुन्या फड पद्धतीत तर एका फडात कोणते पीक घ्यायचे ते सगळे मिळून ठरवतात, आणि पाणी देणारा पाटकरी सगळ्यांचा मिळून नेमलेला असतो. आपल्या बीडची खजाना विहीर सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली. तिचे पाणी जमिनीखालच्या नळाने दूरच्या शेतांपर्यंत नेलेले आहे. सामाईक पाण्याची ओळख आपल्या मातीला नवी नाही.

कोणी म्हणेल, यासाठी कायदा आहे की. आहे. १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यास बंदी केली. पुढे २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरहून, म्हणजे सुमारे २०० फुटांहून खोल विहिरींवर निर्बंध आणले. तरीही गाड्या ६०० फूट जातातच. असे का? कारण तक्रार करणे हाही डावाचाच निर्णय आहे. मी तक्रार केली तर पाणी सगळ्या गावाचे वाचेल, पण वैर माझ्या एकट्याच्या वाट्याला येईल. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याने तक्रार करावी याची वाट पाहतो. पाटकऱ्याची युक्ती इथे कळते. ज्याचे कामच पाणी वाटण्याचे आहे, त्याने नियम दाखवला तर ते वैर ठरत नाही. देखरेखीला पाळी लावली की ती चुगली राहत नाही, ती जबाबदारी होते.

कराराला आणखी एका गोष्टीचा आधार आहे. शेजारी हा एका दिवसाचा नसतो. रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८० च्या सुमारास संगणकांची एक स्पर्धा घेतली. हाच दोघांचा डाव पुन्हा पुन्हा खेळायचा होता. नामवंत अभ्यासकांनी मोठ्या कावेबाज युक्त्या पाठवल्या. जिंकली ती सगळ्यांत साधी युक्ती. पहिली चाल चांगली करायची, आणि पुढे समोरच्याने जे केले तेच करायचे. मात्र या युक्तीत एक उणीव आहे. एकाला चुकून दुसऱ्याचा डाव वाईट वाटला, की ठोशाला ठोसा सुरू होतो आणि थांबत नाही. बांधावरून सुरू झालेली भांडणे पिढ्यान्‌पिढ्या कशी चालतात, ते आपल्याला कोणी सांगायला नको. अशा वेळी अधूनमधून एक चूक पोटात घालणारा अखेर फायद्यात राहतो, असेही पुढच्या अभ्यासातून दिसले. क्षमेचे मोल आपण फायद्यासाठी मानत नाही. पण क्षमा म्हणजे बावळटपणा नव्हे, एवढे तरी यातून कळते.

कोयत्याचा डाव

आपल्या धर्मग्रामातल्या अनेक घरांना वावर नाही, त्यामुळे बोअरही नाही. पण डावाच्या निर्णयातून त्यांचीही सुटका नाही. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला. या जोडीला एक कोयता म्हणतात. प्रत्येक कोयता एकटा विचार करतो: हा दर परवडत नाही, पण मी नाही म्हटले तर दुसरा कोयता जाईल, आणि माझी लेकरे बसून राहतील. सगळे असाच विचार करतात, म्हणून दर तसाच राहतो. इथेही कोणी चुकीचा हिशेब केलेला नाही.

मात्र जेव्हा कोयते एकत्र थांबतात, तेव्हा हिशेब बदलतो. संप आणि वाटाघाटींनंतर जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा तोडगा निघाला. एकेकट्या कोयत्याने मुकादमापुढे कितीही हात जोडले असते तरी ही वाढ मिळाली नसती. कारखाने एकत्र बसून दर ठरवतात. मग कोयत्यांनी एकत्र बसण्यात वावगे काय?

याहून कडू गोष्टही सांगितली पाहिजे. २०१९ साली आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर गाजले ते ऊसतोड महिलांच्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांमुळे. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली. कारणे अनेक होती: फडावर ना संडास ना पाणी, अंगावर काढलेले आजार, डॉक्टरांनी घातलेली भीती. आणि त्यात एक कारण खाड्याचेही होते. एक दिवस काम बुडाले की पैसे कापले जातात. प्रत्येक कागदावर एकेका बाईचा अंगठा किंवा सही होती. कागदोपत्री हा तिचा एकटीचा, राजीखुशीचा निर्णय. पण जिथे पाळीच्या दिवसांतही न थांबणारी जोडी मुकादमाला आधी हवी असते, तिथे एकीने शरीर पणाला लावले की दुसरीवर दाब येतो, आणि दुसरीने लावले की तिसरीवर. कोणाही माउलीने हे दोषारोप म्हणून वाचू नये. आमचा मुद्दा उलटा आहे. ‘तिने स्वतःच ठरवले’ असे म्हणून आपण सगळे मोकळे होतो, आणि तिला तसे ठरवायला लावणारा डाव कोणी पाहतच नाही.

जो बैठकीला नव्हता

करार हा प्रत्येक वेळी चांगलाच असतो, असेही नाही. दोन बागायतदार गोडीगुलाबीने करार करून ओढ्याचे सगळे पाणी संपवू शकतात, आणि वस्तीवरच्या हातपंपावर घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला कोणी विचारलेलेही नसते. व्यापारी संगनमत करून भाव पाडतात तोही करारच. संत थॉमस अक्विनास यांनी नियमाची कसोटी सांगितली, तिचा रोख असा की नियम हा सर्वांच्या भल्यासाठी असला तरच तो खरा नियम. म्हणून प्रत्येक कराराला एक प्रश्न विचारावा: जो बैठकीला नव्हता, त्याच्या वाट्याला काय आले? नायगावच्या पाणी पंचायतीने भूमिहीनाला वाटा दिला, म्हणून ती आम्हाला मोठी वाटते.

शेवटी उत्पत्तीच्या पुस्तकातल्या २६ व्या अध्यायाची आठवण करून देतो. इसहाकाच्या माणसांनी विहीर खणली, गरारच्या गुराख्यांनी पाण्यावर हक्क सांगून भांडण काढले. इसहाकाने ती सोडली, दुसरी खणली, तिच्यावरही भांडण. तो आणखी पुढे गेला, तिसरी खणली, आणि तिथे भांडण झाले नाही. पुढे जागा मोकळी होती म्हणून हा उपाय चालला. आपल्याला पुढे जायला जागा नाही. आपण फक्त खाली जाऊ शकतो, आणि खालचे पाणी तेच आहे. पण अध्याय तिथे संपत नाही. पूर्वी ज्याने घालवून दिले होते तो अबीमलेख राजा स्वतः भेटायला येतो. दोघे एका पंगतीला जेवतात, सकाळी एकमेकांना शपथ देतात, आणि त्याच दिवशी इसहाकाचे चाकर येऊन सांगतात की नव्या विहिरीला पाणी लागले.

या उन्हाळ्यात ज्यांच्या मनात बोअर घ्यायचे आहे, त्यांना आमची विनंती आहे. गाडीला आगाऊ रक्कम देण्याआधी बांधाला लागून असलेल्या दोन्ही शेजाऱ्यांकडे एकदा जा आणि ‘तू थांबलास तर मी थांबतो’ एवढेच विचारा. ते नाही म्हणाले तर तुमचे नुकसान काही होणार नाही. आणि जी कुटुंबे कोयत्याला जातात, त्यांनी उचल घेण्याआधी आपसात दर, अटी आणि खाड्याचे नियम उघड बोलून घ्यावेत, आणि त्या बोलण्यात बायांना पुढे बसवावे. त्यासाठी चर्चच्या आवारातली जागा रविवारच्या मिस्सानंतर मोकळी असते. सतरंजी आम्ही टाकून ठेवू.